विनीची हजेरी

बसचं दार उघडलं आणि विनी सरळ आत चढून बसली, तेव्हा डेल्बर्ट आजोबांच्या पायात घरातल्या सपाता होत्या आणि हातात कॉफीचा मग होता. डोळ्यांदेखत काय घडलं ते त्यांच्या डोक्यात शिरेपर्यंत दार बंदही झालं. त्यांनी घाईघाईने मगासकट हात हलवला. ड्रायव्हरबाईंना वाटलं, आजोबा टाटा करताहेत. त्यांनीही हसून हात हलवला आणि पिवळी बस कोपऱ्यावरून वळली.

दुसऱ्या कुठल्या घरातली सात वर्षांची पोर शाळेच्या बसमध्ये चढली असती तर त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. विनीची गोष्ट निराळी होती. तिला पूर्वी एकदा याच शाळेत घातलं होतं. घंटा झाली की ती दोन्ही कान दाबून टेबलाखाली शिरायची आणि तिला बाहेर काढायला तिच्या आईला, शॉनाला, दाताच्या दवाखान्यातलं काम टाकून धावत यावं लागायचं. आठवडा भरायच्या आत शॉनाने तिला घरी आणलं. शर्टाच्या मानेवरची पट्टी टोचते, मोज्याची शिवण टोचते, पेन्सिल हातात ठरत नाही, बटण लागता लागत नाही, असं सगळं होतं. बुद्धीला काही कमी नव्हतं. आजोबांच्या मते तर पोरीचं डोकं वकिलाचं होतं. जग तेवढं तिला इतरांपेक्षा जास्त मोठ्याने ऐकू यायचं आणि जास्त जोरात लागायचं.

यावर ऑक्युपेशनल थेरपी नावाचा इलाज आहे हे शॉनाने शोधून काढलं. तो आपल्या पगारात बसत नाही हेही तिला त्याच दिवशी कळलं. मग कुणीतरी सांगितलं की ॲरिझोनात एक सोय आहे. पोराला सरकारी शाळेत घालणार नाही असं लिहून द्यायचं, मग त्याच्या शिक्षणावर राज्य सरकार जो खर्च करणार असतं, त्यातले बरेचसे पैसे आईबापांना एका खात्यात मिळतात. त्यातून शिकवणी लावा, पुस्तकं घ्या, नाहीतर थेरपी करा. सोय चांगली होती, पण ती पदरात पाडून घ्यायला शॉनासारखीच बाई हवी. सरकारी कचेरीचा फोन कानाला लावून ती भाजी चिरायची, इस्त्री करायची, विनीची वेणी घालायची. एकदा नकार आला तर तिने अपील केलं. आजोबांना हे मुळीच पसंत नव्हतं.

“आपल्या घराण्यात कुणी सरकारपुढे हात पसरला नाही,” ते म्हणाले होते.

“मग आता तुम्ही पसरा, बाबा. माझे दोन्ही अडकलेत.”

शेवटी खातं मिळालं आणि थेरपी देणाऱ्या मिस बेगे घरी येऊ लागल्या. आजोबांना वाटलं होतं, पांढरा कोट घातलेलं कुणीतरी येईल आणि औषध लिहून देईल. या बाईंनी पहिल्याच दिवशी विनीला उशांच्या ढिगावर उड्या मारायला लावलं आणि नंतर दगड भरलेली बादली अंगणभर ओढायला लावली.

“याचे सरकार पैसे देतं?” आजोबा म्हणाले. “मी हिला फुकटात राबवलं असतं की.”

“राबवा ना,” मिस बेगे म्हणाल्या. “रोज राबवा. मी नसते तेव्हा तेच तर करायचंय.”

आजोबांनी ते इमानेइतबारे केलं, आधी टिंगल म्हणून आणि मग सवय म्हणून. आणि एका सकाळी विनीने आपल्या जीनचं बटण आपलं आपण लावलं, तेव्हा ते गाडीचं तेल बघायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. त्या दिवसापासून मिस बेगेंचा शब्द त्यांच्या घरात कायदा झाला.

बसचा गृहपाठही त्यांचाच. विनीला बसच्या आवाजाची भीती वाटते ना, मग बस रोज बघायची. आधी खिडकीतून, मग ओसरीवरून, मग फाटकातून, मग कोपऱ्यावर आजोबांचा हात धरून. चढायचं नाही, फक्त बघायचं. ड्रायव्हरबाई दार उघडून रोज गमतीने विचारायच्या, “काय गं, येतेस का?” विनी रोज मान हलवून नाही म्हणायची. त्या दिवशी ती “हो” म्हणाली, आणि गेली.

आजोबांनी कॉफी कुंपणापाशी ओतली आणि पिकअप काढला. दार उघडं असतं तरी शाळेच्या बसमध्ये मोठ्या माणसाने पाऊल टाकायचं नाही हा नियम, म्हणून तिथल्या तिथे तिला उतरवता आलं नसतं. आता बसला गाठावं, तर ती मुलं घ्यायला थांबली की मागच्या गाडीनेही थांबायचं हा दुसरा नियम. तेव्हा बस थांबली की आजोबा थांबत होते, बस निघाली की आजोबा निघत होते. प्रत्येक थांब्यावर मागच्या खिडकीत एक मुलगा त्यांना वाकुल्या दाखवत होता. अशा वरातीने ते शाळेत पोचले, तोवर विनी वर्गात जाऊन बसलीसुद्धा.

शाळेच्या कचेरीत मिसेस आर्विझू होत्या. शॉना याच शाळेत शिकली तेव्हाही त्याच होत्या, आणि पुढेही त्याच राहतील असं गावाने धरून ठेवलं होतं.

“डेल्बर्ट,” त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “सपाता?”

“माझी नात चुकून तुमच्या शाळेत आलीय. ती न्यायला आलोय.”

“चुकून? मला तर ती म्हणाली, मी विनी, आज बसने आले. वर कोणता वर्ग ते तिनेच मला विचारलं. चला, दाखवते. मग न्या खुशाल.”

वर्गाच्या दाराला काचेची पट्टी होती. आजोबांनी तिला डोळा लावला. विनी भिंतीकडेच्या जागेवर बसून काहीतरी रंगवत होती. तेवढ्यात घंटा झाली. आजोबांनीच आपले कान दाबले. विनीने खडू खाली ठेवला, कानांवर हात धरले, घंटा थांबेपर्यंत थांबली आणि पुन्हा खडू उचलला. बस, एवढंच झालं. आजोबांनी लष्करात असताना माणसांची बरीच धाडसं पाहिली होती, पण त्यांना त्या वेळी त्यातलं एकही आठवेना.

“काय, काढू बाहेर?” मिसेस आर्विझूंनी विचारलं.

“जेवणापर्यंत राहू दे,” आजोबा काचेवरचा डोळा न हलवता म्हणाले. “रंगवून तरी होऊ दे तिचं.”

जेवणाचं नाव काढलं आणि तिथे घोळ झाला. शाळेत जेवायचं तर मुलाला नंबर लागतो. नंबर मिळायला नाव पटावर लागतं. मिसेस आर्विझूंनी यंत्रात बघितलं, तर विनीचं जुनं नाव तिथे जसंच्या तसं झोपलेलं होतं. त्यांनी ते एका बोटाने उठवलं. “झालं,” त्या म्हणाल्या. “पोरगी उपाशी राहायला नको.”

सरकारचं कुठलंच काम त्या राज्यात कधी इतक्या चपळाईने झालं नव्हतं. मुलं जेवायला बसतायत न बसतायत तोच आजोबांच्या खिशातला फोन वाजला.

“बाबा, विनीच्या खात्याला कुलूप लागलंय,” शॉना म्हणाली. “कार्ड चालेना. आज दुपारी मिस बेगे यायच्या आहेत. तुम्ही काही केलंत का?”

“मी? मी कशाला हात लावलेला नाही,” आजोबा म्हणाले. शब्दशः बघितलं तर ते खरं होतं.

“विनी कुठाय?”

“जेवतेय.”

“काय जेवतेय?”

“पिझ्झा.”

“घरात पिझ्झा कुठून आला?”

आजोबांनी फोनवर तळवा धरला. ते खोटं बोलण्यात कच्चे होते. त्यात मागे दोनशे पोरं एकदम ओरडत होती.

“बाबा, तुम्ही कुठे आहात?”

शॉना दवाखान्याच्या निळ्या कपड्यांतच आली. येताना गाडीत तिने वडिलांना बोलायच्या सगळ्या गोष्टी ठरवल्या होत्या, आणि कचेरीचं दार लोटल्या लोटल्या सुरुवात केली.

“दोन्हीकडे नाव चालत नाही, बाबा. शाळेत नाव म्हणजे खातं बंद. खातं बंद म्हणजे मिस बेगे बंद. एवढं साधं तुम्हाला कळत नाही? अपिलाला माझे किती महिने गेले ते तुम्ही बघितलंय ना? आणि तुम्ही तिला बसवून दिलंत बसमध्ये?”

“मी नाही बसवलं. ती बसली.”

“अहो, पण ती कशी बसेल?”

“तेच तर मी सकाळपासून विचारतोय स्वतःला,” आजोबा म्हणाले.

मिसेस आर्विझूंनी तिला खुर्ची दिली. “ओरडू नकोस गं, माझाच हात लागला तो. नाव चुकून चढलं असं मी सांगेन, त्यात काय. फक्त मग तिची आजची हजेरी पुसावी लागेल. मुलगी आलीच नव्हती म्हणायचं.”

“आणि नाही पुसली तर? शाळेत थेरपी आहे ना?”

“आहे की. एक बाई आणि तीन शाळा. बुधवारी येते, आली तर.”

शॉनाने मिस बेगेंना फोन लावला. दुपारचं येऊ नका, आज पैसे देता यायचे नाहीत, एवढं सांगायचं होतं. पण कारण सांगताना ती बसपाशी आली आणि मिस बेगेंनी तिला तिथेच अडवलं.

“थांबा, थांबा. स्वतः चढली? कुणी हात धरला होता?”

“बाबा म्हणतात, कुणीच नाही.”

“पायऱ्यांवर दांडा धरला होता का? विचारा त्यांना.”

“एका हाताने,” आजोबा लांबूनच म्हणाले.

“एकाच हाताने! घरच्या पायऱ्यांवरही तिला दोन्ही लागायचे,” मिस बेगे म्हणाल्या. “पैशांचं मागाहून बघू, शॉना. मी काही पळून जात नाही. तुम्ही तिला बघितलंत का वर्गात?”

शॉनाने बघितलं नव्हतं. ती आल्यापासून भांडत होती.

तेवढ्यात दुसऱ्या फोनवर सरकारी कचेरी लागली. शॉनाने तो नंबर मघाशीच मिसेस आर्विझूंच्या टेबलावरच्या फोनवरून स्पीकरवर लावून ठेवला होता, आणि त्यातून कधीचं पियानोचं एकच गाणं वाजत होतं. गाणं थांबलं आणि एक तरुण माणूस बोलू लागला. इतका सभ्य की त्याच्याशी भांडणंही कठीण.

“मॅडम, घाबरू नका, असं होतं कधीकधी. नाव चुकून चढलं असेल आणि मुलगी शाळेत गेलेली नसेल, तर मी खातं आत्ता या मिनिटाला उघडून देतो. गेली असेल तर मात्र ते बंद करावं लागेल. तेव्हा तुम्ही मला एवढंच सांगा. मुलगी आज शाळेत हजर होती का?”

मिसेस आर्विझूंनी बोट कळफलकावर नेऊन ठेवलं. आजोबा शॉनासमोर येऊन उभे राहिले आणि मान डावी-उजवीकडे हलवू लागले. जन्मात सरकारपुढे हात न पसरलेला माणूस आता सरकारी पैशांसाठी लेकीला खोटं बोलायला खुणावत होता. त्यांना त्याची लाजही वाटत नव्हती. मिस बेगेंना हातातून जाऊ द्यायचं नाही एवढंच त्यांना कळत होतं.

“नाही म्हण,” ते पुटपुटले. “एका दिवसाचा तर प्रश्न आहे.”

शॉनाने तोंड उघडलं. तेवढ्यात कचेरीच्या काचेपलीकडून पहिलीचा वर्ग रांगेने मैदानाकडे निघाला. रांगेच्या शेवटी विनी होती, एक हात भिंतीवरून घासत चालली होती. तिच्या पुढची जाड वेणीवाली मुलगी मागे वळून तिला काहीतरी सांगत होती, आणि विनी ऐकत होती. ऐकून झाल्यावर तीही काहीतरी म्हणाली. मग दोघी हसल्या. आई काचेपलीकडे उभी आहे हे विनीला दिसलं नाही. ती कामात होती.

या पोरीला टेबलाखालून ओढून काढताना शॉना याच कचेरीत रडली होती. त्यानंतरचे सगळे फोन, सगळी अपिलं, दगडांच्या बादल्या, उशा, खिडकीतून बघितलेल्या बसेस, हे सगळं कशासाठी चाललं होतं ते ती स्वतःच विसरून गेली होती. खातं टिकवता टिकवता खातं हेच काम होऊन बसलं होतं. रांग मैदानात गेली आणि दार बंद झालं.

“मॅडम? ऐकताय ना?” फोनमधला माणूस म्हणाला. “हजर होती का?”

“होती,” शॉना म्हणाली.

आजोबांची मान हलायची थांबली. मिसेस आर्विझूंनी बोट उचलून मांडीवर ठेवलं.

“नक्की ना, मॅडम? कारण एकदा मी तसं भरलं की...”

“नक्की. सकाळपासून होती. तिथेच जेवली. आता मैदानात गेलीय.”

“बरं. मग मला खातं बंद करावं लागेल. वाईट वाटतं.”

“करा बंद. पण कारण नीट लिहा. मुलगी शाळेत आली, बसने आली, एकटी आली.”

पलीकडे कळा वाजल्या आणि थांबल्या. “मॅडम, इथे हजर आणि गैरहजर एवढंच आहे. बसने आली हे लिहायला जागा नाही.”

“मग जागा करा,” शॉना डोळे पुसत म्हणाली. “मी थांबते फोनवर. मला सवय आहे.”