पार्जिटरबाईंना आलेला गुण

हॅलिफॅक्स गावातल्या थ्रेलफॉल आणि कडवर्थ या प्रतिष्ठित औषध कंपनीच्या एका भागीदाराला खोकला झाला. कंपनी खोकल्याचंच औषध विकत असल्यामुळे बाब गंभीर होती.

जोसाया थ्रेलफॉल अंथरुणात उठून बसले आणि डॉक्टर बोलावत असल्याचं त्यांनी भागीदाराला रीतसर कळवलं. कारखाना दोन गल्ल्या पलीकडे; उत्तर दुपारच्या टपालाने आलं. "प्रिय महोदय, आपल्या दारात डॉक्टरांची बग्गी दिसल्यास कंपनीने जगाला काय सांगावे? त्यांनी मागच्या, कोळसेवाल्याच्या दाराने यावे. तोवर रस्त्यापर्यंत ऐकू जाणार नाही इतपतच आपण खोकावे. आपला नम्र, ई. कडवर्थ."

डॉक्टर कोळशाच्या दाराने आले, कोट झटकला, छाती तपासली आणि म्हणाले की महिनाभर समुद्रकाठी जा, नाहीतर मी खात्री देत नाही. थ्रेलफॉल पुरते हादरले. त्यांच्या पत्नीने, हॅरिएटने, लगेच ट्रंक भरली. कडवर्थांना हे कळताच त्यांचं पत्र आलं: भागीदार समुद्रावर गेला तर गिऱ्हाईकही समुद्रावर जाईल, आणि समुद्र कंपनीच्या मालकीचा नाही. सबब सोबत आपल्याच औषधाच्या सहा बाटल्या पाठवत आहे, त्या खिडकीत बसून घ्याव्यात.

थ्रेलफॉल भडकले. जीव त्यांचा जात होता, कडवर्थांचा नव्हे. त्यांनी लिहिलं, "त्या बाटलीत काकवी, अफू आणि नळाचे पाणी आहे, हे मला ठाऊक आहे."

"आपले पत्र वाचून जाळले," कडवर्थांनी कळवलं. "अशी माहिती कृपया लेखी देऊ नये." सोबत त्या आठवड्याचं वर्तमानपत्र होतं.

त्यात कंपनीच्या जाहिरातीखाली श्रीमती पार्जिटर यांचं पत्र होतं. तीन डॉक्टरांनी हात टेकले होते, पण सहाव्या चमच्याला बाई उठल्या आणि त्यांनी घरभराचे कपडे धुतले. हे पत्र अकरा वर्षांपूर्वी थ्रेलफॉल यांनीच लिहिलं होतं. नाव मावशीच्या मांजरीचं. पण ताप चढला होता, आणि आठ दिवसांत इतकं आशेचं कोणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"हॅरिएट, बाटली आण."

"अहो, ती बाई तुम्हीच रचलीत ना? मांजरीचं नाव दिलंत."

"रचली मी," ते खोकत म्हणाले, "पण बरी तिची ती झाली."

ट्रंक रिकामी झाली.

आठवड्याने कडवर्थांनी, रिवाजाप्रमाणे, गुण कितपत आला याची लेखी चौकशी केली. हॅरिएटने दोनच ओळी लिहिल्या: "तिसऱ्या दिवशी खोकला पूर्ण थांबला. अंत्यविधी गुरुवारी आहे."

कडवर्थ फार रडले. भागीदारावर त्यांचा खरंच जीव होता. मग डोळे पुसून त्यांनी पत्रातलं पहिलं वाक्य छापायला दिलं. कंपनीच्या इतिहासातलं ते पहिलंच खरं प्रशस्तिपत्र.

दुसरं वाक्य कोणी मागितलं नाही. आपल्या फडताळातल्या बाटलीवरही एकच वाक्य असतं, आणि घसा खवखवला की आपल्याला तेवढं पुरतं.