गुरं एका जागी, घरं एका जागी

ग्रंथपालांनी बायकोच्या कॉम्प्युटरला हात घातला, कारण घरात आवरण्याजोगं दुसरं काहीच उरलं नव्हतं.

बायको दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दाढा उपटून आली की कॉम्प्युटरवर खेळ खेळत बसे. दोन वर्षं खपून तिने त्यात एक गाव वसवलं होतं आणि त्यासाठी नेटवरून शेकडो मॉड आणले होते. (मॉड म्हणजे हौशी लोकांनी मूळ खेळात घातलेली भर. कुणी नवी गाय करतं, कुणी नुसता तिचा आवाज.) ते सगळे एकाच फोल्डरात कोंबलेले: ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘हेच खरं नवीन’. 

नीट लावून देऊ का, असं ग्रंथपालांनी विचारलंही होतं. नावं बदलू नका, क्रम हलवू नका, एवढंच ती म्हणाली. (स्पष्ट ‘नाही’ कुठे म्हणाली?)

सुट्टीच्या सकाळी ती धाकट्या बहिणीला आणायला स्टेशनवर गेली आणि हे खुर्चीत बसले. ती परतेपर्यंत गुरं एका जागी, घरं एका जागी, सगळं नवी नावं देऊन अकारविल्हे.

चहा झाल्यावर बायकोने बहिणीला गाव दाखवायला घेतलं. खेळ उघडला, हेच नवल. वेशीवर पोस्टमनची टोपी घातलेली गाय उभी होती. घरं जागच्या जागी होती, दारं मात्र छपरावर. दुकानदार हात जोडून पुढे आला आणि हंबरला.

“ताई, हा असाच बोलतो का गं?” मेहुणीने विचारलं.

“कालपर्यंत नव्हता बोलत.” बायकोने मान न वळवता पुढे विचारलं, “अहो, तुम्ही कशाला हात लावलात?”

“हात नाही लावला. लावून ठेवलं.”

तिने दाढ दुखणाऱ्याला समजवावं तसं समजावलं. मॉड खेळात ओळीने, एकामागून एक चढतात. अकारविल्हे लावल्यावर ‘आवाज’ ‘गाय’च्या पुढे गेला, आणि गाय यायच्या आत दुकानदाराला चिकटला.

ग्रंथपालांचा चेहरा उतरला. दोन वर्षांचं गाव त्यांनी एका सकाळीत बुडवलं होतं. माफी मागायला शब्द जुळवत होते, तोवर बायकोने पर्समधून पेनड्राइव्ह काढला, लावला, आणि चहाचे कप विसळून होईपर्यंत दुकानदार माणसात आला.

“लावून देऊ का म्हणालात ना, त्याच दिवशी कॉपी काढली,” ती म्हणाली.

ग्रंथपालांना हायसं वाटलं. पेनड्राइव्ह कुठे ठेवतेस, त्यावर लेबल लावून देतो, असं ते म्हणाले.

त्या घरातली कुठलीही वस्तू ग्रंथपाल डोळे मिटून काढून देतात. तो पेनड्राइव्ह मात्र ते अजून शोधताहेत.