शामराव मास्तरांची मोजणी

शामराव मास्तर नापास पोरांची पावलं मोजत. चेष्टा नाही! रिठदजवळच्या शाळेत मी नवा सहायक शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा हे गृहस्थ एका पोराच्या घरापासून शाळेपर्यंत मोठ्यानं आकडे म्हणत आले आणि माझ्यावर खेकसले, “दोन हजार सातशे! आन् तुमी त्याले आल्या आल्या पाढे इचारता?”

माझं डोकंच फिरलं. मी ट्रेनिंग करून आलेला. माझ्या लेखी पोरगं एक तर हुशार, नाहीतर ढ. ‘ढ’ म्हटलं की मास्तर उसळत. “पोट्टं बरोबर हाय, माप चुकून राह्यलं!” मग वही उघडत. कोण उपाशी आलं, कोणाला फळा दिसत नाही, सगळं तिच्यात.

तिसरीतली सखू दोनदा नापास झालेली. बापानं बजावलं होतं, “यंदा राह्यली तं शाळा बंद!” तिच्या काखेत कायम वर्षाचा भाऊ. मास्तरांनी तिला दहा प्रश्न विचारले, दोन आले. दुसऱ्या दिवशी भावाला स्वतः घेतलं, तेवढेच अवघड दुसरे दहा विचारले, आठ आले. वहीत लिहिलं: ‘पोट्टं तिच्याजवळ, दोन. माझ्याजवळ, आठ.’

मी खो खो हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

तोंडी परीक्षा घ्यायला डिप्टीसाहेब आले. पाहतात तो मास्तर ठेवणीतला कोट घालून, सखूच्या भावाला कडेवर घेऊन उभे!

“हे काय, मास्तर?”

“साहेब, हे तिचे सहा मार्क हायेत. परीक्षा होईस्तोवर मी धरतो.”

तेवढ्यात त्या सहा मार्कांनी कोट भिजवला. मास्तर जागचे हलले नाहीत. साहेबांनी नाकाला रुमाल लावून प्रश्न विचारले, आणि सखू घडाघडा उत्तरं देत सुटली. पास! मला इतका आनंद झाला की मीच टाळी वाजवली.

शाळा सुटली. सखू भावाला न्यायला आली. मास्तरांना मूलबाळ नव्हतं, बायको जाऊनही वर्षं लोटली होती. खोलीवर एकटेच भाकरी थापून खात.

“गुरुजी, द्या ना त्याले.”

“थांब नं, बाई. आत्ताच झोपला. होऊ दे झोप.”

सखू निमूट पायरीवर बसली. मी मास्तरांच्या मागं उभा होतो. पोरगं टक्क जागं होतं, मजेत त्यांची कॉलर चोखत होतं. मी सखूला काही सांगितलं नाही.