सुरेखाच्या नंबराला पडणारा खटका

तीर्थपुरीच्या धर्मराजांच्या न्हाणीत विजेवर तापणारा शॉवर बसला, तेव्हापासून एकच तांत्रिक अडचण उद्भवली होती. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी गरम पाण्यानं होत. भाकरी-डबे उरकून सून सुरेखा शेवटी आत गेली, की एमसीबीचा खटका पडे. अंगावरची मऊ धार क्षणात पौषातल्या विहिरीची होई. कुडकुडतच ती शाळेची बस गाठे. शॉवर तिनंच आपल्या पगारातून आणला होता. पण ही बाब चौकशीशी संबंधित नसल्यानं तिची दखल घेण्यात आली नाही.

चौकशी धर्मराजांनी स्वतःकडे घेतली. सरकारी कचेरीतून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि कारण सापडू न देता चौकशी पूर्ण करण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

राधेश्याम वायरमन भरदुपारी आला. शॉवर सोडला, खटका हलला नाही.

"काका, लाइन बिलकुल बराबर हाय. पडतो कधी?"

"सूनबाई आंघोळीला गेल्यावर."

राधेश्यामनं टेस्टर खिशात ठेवला. "मंग ते माझ्या कामातलं न्हाई."

दोष यंत्रात नाही म्हटल्यावर तो सुनेत असणं ओघानंच आलं. सासूबाई पुष्पाबाईंच्या मते तिचे लांब केस पाणी फार ओढत. नवरा रामप्रसाद म्हणाला, ती आत ओव्या गुणगुणते, त्यात वेळ जातो. प्रायोगिक तत्त्वावर केस धुणं आणि ओवी, दोन्ही बंद झालं. खटका पडतच राहिला.

मग रविवारी प्रत्यक्ष पाहणी ठरली. हातातली कामं टाकून तिघंही न्हाणीबाहेर खुर्च्या मांडून बसली. सुरेखा आत गेली. पाणी शेवटपर्यंत गरम आलं. तक्रारीत तथ्य नसल्याचं धर्मराजांनी जाहीर केलं. सोमवारी खटका पडला.

त्या रात्री जेवताना सुरेखा बोलली. "मामा, मी आत गेले की तुम्ही म्हशीच्या पाण्याला मोटार लावता, आत्या मिक्सर लावतात, अन् हे शर्टाला इस्त्री करून राह्यलेले असतात. एक खटका किती भार उचलणार? काल समदे हात बांधून बसल्ते, म्हणून न्हाई पडला."

कारण मान्य झालं. प्रश्न उरला, बंद काय करायचं? मोटार बंद केली तर म्हैस तहानलेली राहील, आणि म्हैस दूध देते. मिक्सर बंद केला तर चटणी नाही. इस्त्री बंद केली तर रामप्रसाद चुरगळलेला फिरेल, लोक म्हणतील, बायको मास्तरीण हाय ना. बंद करण्याजोगं एकच काय ते उरलं.

दुसऱ्या दिवशी सुरेखानं कुणाला न विचारता सगळ्यात आधी आंघोळ केली. घर अजून अंथरुणात होतं. केस धुतले, आणि दाराआडून ओवी आली:

ऊन पाण्याची गं धार, पाठीवरनं गेली
माहेराची आठवण, खांद्यावर आली

खटका पडला नाही. पुष्पाबाईंचं तोंड मात्र पडलं. "सासऱ्याच्या आधी सुनेची आंघोळ? या घरात असं कधी झालं न्हाई, बाई."

खांद्यावर टॉवेल घेऊन ताटकळलेल्या धर्मराजांनी निकाल दिला. आंघोळीचा क्रम ही घराची जुनी रीत, शॉवर कालचा. सबब सूनबाईंनी आपल्यापुरतं पाणी चुलीवर तापवावं. "खर्चा बी वाचल."

तिनं तापवलं. आठवडाभरात त्यातला तांब्याभर धर्मराजांनी अंगावर घेऊन पाहिला. "चुलीच्या पाण्याची सर त्या शॉवरला न्हाई." ही गोष्ट पुष्पाबाईंनाही पटली, रामप्रसादलाही. आता सुरेखा पहाटे चूल पेटवते आणि सगळ्यांपुरता हंडा तापवते. शॉवरवर पुष्पाबाईंनी स्वतः विणलेला रुमाल घातला आहे.

खटका त्यानंतर पडलेला नाही. येणाऱ्या पाहुण्यांना धर्मराज बोर्ड दाखवतात. पाहुणे माना डोलावून म्हणतात, आमच्याकडंही कधी पडत नाही.

तुमच्याकडंही पडत नसेलच. उद्या सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर हंड्यात हात घालून बघा. तळाशी ऊन पाणी किती उरतं, हे घरात एकाच माणसाला माहीत असतं, आणि हे वाचताना ते तुमच्या शेजारी बसलेलं नाही. आत भाकरी थापत आहे.