दीर्घिका दोनशे सतराच्या वजनाची मोहीम

श्रीअंबादेवीस स्मरोन, वलगाव मुक्कामी, प्रांत अमरावती, जे घडले ते तिखटमीठ न लावता लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघ मास, बुधवार. अकोल्याहून मार्गदर्शक उत्तमराव सरांचे फर्मान व्हॉट्सअ‍ॅपवर दाखल जाहले की, संशोधक विद्यार्थिनी रागिणीबाईंनी तीनशे दूरच्या दीर्घिकांतील ताऱ्यांची वजने काढिली, पैकी दोनशे सतरावी विश्वाच्या कोवळ्या वयात इतकी जड होणे नामुमकिन. सबब उद्या पाचाचे आत खुलासा न आल्यास परिषदेच्या यादीतून नाव बरखास्त.

दोन सालांची मेहनत पणास लागली. बाईंनी ताट बाजूस सारिले. मग पदर खोचोन, लॅपटॉप तख्तनशीन करोन त्यांनी फेरगणित मांडिले. साधा उजेड धुळीत अडतो, आणि अवरक्त उजेड धूळ भेदोन येतो, आणि म्हाताऱ्या ताऱ्यांची अफाट फौज त्यातच झळकते, म्हणोन त्या उजेडावरून वजन ठरविणे हा दस्तूर. रात्रभर विश्रांती घेतली, सकाळी पुन्हा चढाई केली. दस्तूर बिनचूक, गणित बिनचूक, आणि दीर्घिका तैशीच लठ्ठ. मातोश्री जमुनाबाईंनी पुसले, "पण काटा कुठी लावते वं तू?"

गुरुवारी तीन वाजता कुर्बानचाचा आले. संत्र्याचे नामांकित व्यापारी. झाडावरचा माल नुसत्या नजरेने अंदाजोन अख्खा बगीचा उक्ता घेण्यात त्यांचा हातखंडा. बाईंचे वडील खुशालराव यांचा बगीचा पाहोन ते चहास टेकले आणि पडद्यावरील लालसर डागाकडे पाहते जाहले.

"हे काय पाहून राहिली, बेटा?"

"लांबून वजन काढून राहिली, चाचा. लयच जास्त येते."

"मंग मधातला धुरा, म्हंजे बांध, पाह्यला का? मांगच्या साली नांदगावात गजेंद्रभाऊचा बगीचा पाह्यला. लांबून एकच दिसे. मांगचा सहदेवचा निघाला! मी तोही मोजला. गजेंद्रभाऊनं तीन कप चहा पाजला, पण सांगतलं नाही!"

बाई ताडकन उठल्या. अवरक्त चित्र धूसर, दोन दीर्घिकांमधली हद्द त्यात बुजलेली. मग साध्या उजेडाचे रेखीव चित्र काढोन पाहतात तो एक डाग फुटोन दोन जाहले! समोर एक जवळची, परकी दीर्घिका. आणि तीन हिश्शांपैकी दोन हिस्से उजेड तिचाच. तो वजा करिताच दोनशे सतरावी बेताची जाहली.

चार वाजोन अठ्ठेचाळीस मिनिटांनी खुलासा रवाना. पाचास दोन मिनिटे असता अकोल्याचे फर्मान आले: खुलासा मंजूर, नाव कायम, बाकी दोनशे नव्याण्णवांचे धुरे सोमवारपावेतो तपासावे.

बाईंनी फर्मान दोनदा वाचिले.

"चाचा, बसा. आणखी चहा टाकतो."

"काहून?" म्हणोन चाचांनी चप्पल शोधली.

येणेप्रमाणे एक दीर्घिका सर जाहली. फत्तेची नोंद बरहुकूम केली असे.