तुम्ही म्हणोन सांगितलेल्या कथेची हकीकत

॥ श्रीशारदा प्रसन्न ॥ ऐकणाराचा कान थोर, सांगणाराची जीभ लहान, त्या कानास आधी नमस्कार करून लिहितो ऐसे जे. शके सोळाशे अमुक, दुंदुभी नाम संवत्सर, माघमास, राज्य कोणते ते पुसू नये.

त्या राज्यी महाराज प्रजेस बापासारिखे, परंतु पोटच्या लेकीस नव्हते. राजकन्या सगुणाबाई यांनी आपले मर्जीने एका शिलेदाराशी लग्न लाविले, आणि महाराजांस राग आला, आणि "तिचे नाव या महाली कोणी घेऊ नये" ऐशी आज्ञा जाहली. त्यास तीन वर्षे लोटली. मग त्या माघात बाई तान्हे लेकरू घेऊन नदीकाठी देवीच्या देवळी येऊन उतरल्या आणि मातोश्रींस निरोप धाडिला की, "आबासाहेबांनी बोलाविले तर येते. न बोलाविले तर पौर्णिमेस होडीत बसून सासरच्या मुलखी जाते, मग पुन्हा येणे नाही." आता हा निरोप सांगावा तर नाव घ्यावे लागते, आणि नाव घेणार कोण? मग राणीसाहेबांनी दरबारचे वृद्ध कथेकरी खंडो नागनाथ यांस बोलाविले आणि बोलिल्या, "बोवा, स्वारी कोणाचे ऐकत नाही. कथा तेवढी ऐकते. काही करा."

बोवांनी त्याच दिवशी कथा लाविली की, कोणी एक राजा होता, त्याने लेक टाकिली. महाराजांनी प्रेमाने ऐकिली, आणि "काय मूर्ख राजा हो!" म्हणोन विडा घेऊन उठोन गेले. मग बोवांनी तपकीर ओढून विचार केला की, 'तो' म्हटले म्हणजे महाराज त्यास परका समजतात, आणि 'मी' म्हटले तर ही म्हाताऱ्याचीच कर्मकथा म्हणतील, तेव्हा आता 'तुम्ही' म्हणावे. पूर्वी ऐसे कोणी केले नव्हते, त्यास कारण होते. त्या दरबारचा रिवाजच ऐसा की, ज्यास उद्देशून बोलावे त्याने तत्काळ उठून मुजरा करावा आणि सांगितले ते करावे.

दुसरे दिवशी बोवा बोलिले, "तुम्ही वाट चालता, थकता, आणि पाण्यात उतरता." तो सारा दरबार उठला, मुजरा केला, आणि पागोट्यांसह अंगणातील हौदात उतरला. माघाची थंडी! फडणीस कुडकुडत पुसते जाहले, "बोवा, कथेत किती वेळ उभे राहावे?" बोवा घाबरले, आणि घाईने बोलिले, "तुम्ही बाहेर येता आणि आवडीने वांग्याचे भरीत खाता." तो रायाजी सुभेदार ओलेत्यानेच गरजले, "आम्ही वांगे खात नाही! जन्मात खाल्ले नाही! ही कथा आमची नव्हे!" आणि चालते जाहले. महाराज हसता हसता लोडावर कलंडले. बोवांची पुरती फजिती जाहली.

परंतु सुभेदारांच्या रागाने बोवांचे डोळे उघडले. सर्वांस तुम्ही म्हटले ते कोणासच लागले नाही, आणि ज्याचे जे नाही ते त्याचे पदरी बांधिले तर तो कथेतून उठोन जातो. मग राणीसाहेबांस पुसिले की, "स्वारीस नाही म्हणता येणार नाही ऐसे काय आहे?" तेव्हा राणीसाहेबांनी दासींस बाहेर धाडिले आणि एक गोष्ट सांगितली.

पौर्णिमेस तिसरे प्रहरी बोवा कथेस बसले. "तुम्ही फडताळ उघडता. आत लाकडी बैल आहे. लहान हातांनी त्याचे एक शिंग मोडिले आहे. टाकून द्यावा, ऐसे तुम्ही म्हणता. रोज म्हणता. आणि शेल्याने पुसून पुन्हा आत ठेविता." रिवाजाप्रमाणे फडणीस उठू लागले, तो सुभेदारांनी त्यांचा शेला धरून खाली ओढिले. "बसा हो. हे आपल्यास नव्हे."

महाराजांचा विडा हातातच राहिला. "बोवा, कोणाची कथा सांगता?"

"सरकार, नाव घेण्यास मनाई आहे. सेवक तुम्ही एवढेच म्हणतो. घाटास होडी लागली आहे. लेकरू रडते आहे. तुम्ही..." आणि बोवा थांबले.

"तुम्ही काय? पुढे?"

"पुढील वाक्य सेवकापाशी नाही, सरकार. ते तुमचे."

तेव्हा महाराज उठले. चोपदार जोडे घेऊन मागे धावला, परंतु स्वारी अनवाणीच घाटास पोहोचली. बाईंचा एक पाय होडीत होता. त्यांनी वळून पाहिले आणि म्हणाल्या, "आबासाहेब? तुम्ही?"

महाराज बोलिले, "होय गं. मीच." आणि लेकरू उरी धरून नावाड्यांदेखत ढळढळा रडले. आम्ही तेथे होतो. आम्हीही रडलो.

येणेप्रमाणे लेक घरास आली, बोवांस शाल पावली, आणि रिवाज फिरविला की, कथेतील तुम्ही ऐकून कोणी उठलेच पाहिजे ऐसे नाही, परंतु कोणी उठला तर त्यास अडवू नये. सुभेदारांनी वांगे अखेरपर्यंत खाल्ले नाही. हे तुम्ही येथवर वाचिले. उठावयाचे असेल तर उठावे, आम्ही लेखणी ठेविली आहे.