एक थेंब मुरणार नाही!

"या घरात आता पाण्याचा एक थेंबही मुरणार नाही!" नॅनोरावाने कमरेवर हात ठेवून जाहीर केलं आणि त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. नवऱ्याने काही जाहीर केलं की ते निस्तरायचं कोणी, हे तिला लग्नापासून पाठ होतं.

नॅनोराव हे नाव ऑफिसातल्यांनी ठेवलेलं. कंपनीने कापडावर मारायचा नॅनो स्प्रे काढला आणि याच्याकडे विकायला दिला, त्या दिवसापासून गडी दुसरं काही बोलेचना! उद्या दुकानदारांसमोर स्टेजवर प्रात्यक्षिक होतं. त्याची रंगीत तालीम म्हणून सकाळपासून त्याने घरातल्या कापडाच्या प्रत्येक चिजेवर फवारा मारला होता. चादरी, पडदे, टॉवेल, साड्या, फरशी पुसायची फडकी. अंगातला बनियनसुद्धा सुटला नाही, आणि भांडी घासत असलेल्या बायकोचा गाऊनही नाही!

वाचला फक्त खुंटीवरचा नवा सूट. तो खाली दुकान असलेल्या टेलर मास्तरांनी शिवला होता आणि देताना दम भरला होता, "माझ्या शिलाईवर असलं काही मारायचं नाही!" मास्तर घरमालकही होते, त्यामुळे नॅनोरावाने निमूटपणे ऐकलं. नाहीतर जिन्यात चिंध्यांच्या गोण्या रचून ठेवता म्हणून तो त्यांच्याशी रोज एकदा तरी कुरकुरायचाच.

"अगं, एका केसाचे ऐंशी हजार उभे काप कर," तो बायकोला सांगत होता. "त्यातला एक काप म्हणजे साधारण एक नॅनोमीटर! असले बारीक थर धाग्यावर बसतात. पाण्याला पाय ठेवायला जागाच नाही!"

"आधी डोक्यावर केस तरी शोधा कापायला!"

हे त्याला लागलं. "बघच आता!" म्हणत त्याने भरलेली बादली उचलली आणि सरळ गादीवर उपडी केली!

शब्द खरा ठरला. एक थेंब मुरला नाही. सगळं पाणी मोत्यांसारखं घरंगळत खाली गेलं.

"बघितलंस? गादी कोरडी ठणठणीत!"

"गादी कोरडी. पण पाणी कुठे चाललंय?"

पाणी चाललं होतं कपाटाखाली. कपाटामागे फरशीला भेग होती आणि भेगेखाली मास्तरांचं कापड बेतायचं टेबल. मागे एकदा तिथून ठिबकलं, तेव्हा मास्तर वर येऊन शांतपणे म्हणाले होते, "पुन्हा एक थेंब पडला, की खोली रिकामी करायची." आणि आज त्या टेबलावर एका नवरीचा रेशमी पोशाख पसरलेला होता!

नॅनोरावाच्या तोंडचं पाणी पळालं. पळालं ते तेवढंच. बाकीचं सगळं जमिनीवर होतं.

"फडकं आणा!" बायको म्हणाली.

फडक्याने पाणी पुसलं जाईना, नुसतं पुढे पळू लागलं.

"टॉवेल?"

"मारलाय."

"चादर?"

"तिच्यावरही मारलाय."

"पायपुसणं?"

"त्यावर दोनदा मारलाय!"

"मी मास्तरांना हाक मारते. पोशाख तरी बाजूला घेतील."

"हाक मारतेस? राहतं घर घालवतेस की काय!" तो दबक्या आवाजात ओरडला आणि कपाटाला खांदा लावला. कपाट किंचाळत हातभर सरकलं.

खालून आवाज आला, "काय चाललंय वर?"

"काही नाही मास्तर! व्यायाम करतोय!"

बायको पालथी पडून मोबाइलच्या उजेडात बघत होती. पाण्याचा ओघळ भेगेकडे निघाला होता. "अहो, दोन बोटं राहिलीत!" ती म्हणाली. मग तिची नजर खुंटीकडे वळली.

"नाही!" नॅनोराव म्हणाला. "उद्या स्टेजवर काय घालू?"

"घर हवंय की सूट?"

त्याला रडू यायचंच बाकी होतं. डोळे मिटून त्याने कोट खाली कोंबला. कोट घटाघटा पाणी प्यायला. मागोमाग पँट गेली. ओघळ भेगेच्या काठावर थांबला, मग हळूहळू आटला. दोघं भिंतीला टेकून धापा टाकू लागली.

तेवढ्यात दारात मास्तर! आधी त्यांनी भेग पाहिली, मग ओला गोळा पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हा मी शिवलेला सूट?"

"मास्तर, खाली थेंब पडलाय का हो?" बायकोने जीव मुठीत धरून विचारलं.

"नाही पडला. नाही पडला तर खोलीबद्दल काही म्हणणं नाही माझं. पण फरशी पुसायला सूट?" मास्तर कळवळून म्हणाले. "अहो, जिन्यात सहा गोण्या चिंध्या पडल्यात! कचरेवालाही नेत नाही. एक हाक मारली असती तर हव्या तेवढ्या दिल्या असत्या."

बायकोने सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

नॅनोराव मात्र कोट पिळण्यात गढला होता. पिळता पिळताच तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्या चिंध्यांचा उपयोग झाला नसता. जिन्यात ओल धरून वास मारतात म्हणून सकाळी त्यांच्यावरही मारलाय."